स्मरणाने जखमा उघडतात का? रवांडातल्या कामातून एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ९ डिसेंबर हा नरसंहारातल्या बळींच्या स्मरणाचा आंतरराष्ट्रीय दिवस. १९४८ साली याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी नरसंहारविरोधी करार संमत केला. त्या निमित्ताने तुम्हाला नववी-दहावीच्या मुलांसाठी शाळेत कार्यक्रम करायचा आहे. सहकारी शिक्षक म्हणतात, जुन्या जखमा कशाला उकरता, विसरून पुढे जाणंच बरं. आणि तुम्हाला स्वतःलाही वाटतं की लांबच्या देशातलं हे भयानक काही ऐकून आपल्या मुलांच्या हाती काय लागणार.

मी मानसिक आघातावर काम करणारी समुपदेशक आहे. पूर्व आफ्रिकेतल्या रवांडात स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देण्याच्या कामात माझा बराच काळ गेला. म्हणून उत्तर रवांडापुरतंच देते, कारण तिथलं मी जवळून पाहिलं आहे.

१९९४ साली ७ एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत, साधारण शंभर दिवसांत, तिथे आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, म्हणजे तिथल्या अल्पसंख्य समाजाचे, होते. मारणारे बहुसंख्य हुतू समाजातले होते, पण या हत्याकांडाला विरोध करणारे हुतूही मारले गेले. पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांचा पहिल्याच दिवशी खून झाला. आता दरवर्षी ७ एप्रिलला शोकसप्ताह सुरू होतो आणि स्मरणाचा काळ ४ जुलैपर्यंत चालतो. त्याला ‘क्विबुका’ म्हणतात. त्या आठवड्यात लग्नं होत नाहीत, मोठ्याने गाणी वाजत नाहीत, आणि गावोगावी लोक एकत्र बसून बोलतात.

आता जखमांचं. तुमच्या सहकाऱ्यांची शंका खोटी नाही. मैदानावर सभा भरते, वाचलेली एखादी बाई माइकसमोर उभी राहून आपली हकिगत सांगू लागते, आणि दहा-पंधरा मिनिटांत समोर बसलेल्या बायकांपैकी एखादीचा श्वास बदलतो. आधी छाती भराभर वरखाली होते, मग हात डोक्यावर जातात, मग किंकाळी. “आले, आले, मला लपवा.” तिच्या दृष्टीने मारेकरी खरोखरच आलेले असतात. प्रशिक्षित स्वयंसेवक तिला उचलून बाजूच्या खोलीत नेतात. तिथे कुणी “रडू नकोस” म्हणत नाही. चपला काढून तिचे पाय जमिनीवर टेकवतात, तिला तिच्या नावाने हाक मारतात, आज कुठलं साल आहे ते सांगतात, जवळ कोण बसलं आहे ते सांगतात. पुन्हा पुन्हा, शांत आवाजात, तिच्याच भाषेत. मी अशा वेळी मागे उभी राहत असे. हे काम तिच्या गावच्या माणसाचं.

हे पाहून कुणीही म्हणेल की सभा घेतलीच नसती तर बरं झालं असतं. पण एप्रिल हा रवांडात पावसाचा महिना. १९९४ मध्ये माणसं ज्वारीच्या उभ्या पिकात लपली, बुगेसेराच्या दलदलीत पपायरसच्या गवताखाली गळ्याइतक्या पाण्यात दिवस दिवस बसून राहिली. पाऊस सुरू झाला, गवताचा तो ओला वास आला की शरीराला आठवतं. सभा होवो न होवो, ती बाई एप्रिलमध्ये कोसळणारच होती. सभा नसती तर घरात, एकटी, दार लावून कोसळली असती आणि शेजाऱ्यांनी तिला वेडी ठरवलं असतं. उकरायला जखम आधी बुजलेली असावी लागते. ज्यांची ती आहे त्यांच्याकडे ती उघडीच असते; बुजली असं वाटतं ते इतरांना.

याचा अर्थ स्मरण नेहमी औषधच ठरतं असा मुळीच नाही. रवांडात नरसंहाराच्या खटल्यांसाठी ‘गचाचा’ नावाची गावपातळीवरची न्यायालयं चालली. २००२ मध्ये ती प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, २००५ पासून देशभर पसरली आणि २०१२ मध्ये बंद झाली. सुमारे बारा हजार न्यायालयं, एकोणीस लाखांवर प्रकरणं. झाडाखाली किंवा मोकळ्या मैदानात गाव जमायचं, गावानेच निवडलेले बिनपगारी न्यायाधीश बसायचे, आणि आरोपी व साक्षीदार समोरासमोर उभे राहायचे. सत्य बोललं की मन हलकं होतं असं तेव्हा सर्रास म्हटलं जाई. नंतर झालेल्या एका पाहणीत दिसलं की ज्यांनी तिथे साक्ष दिली त्यांच्यात नैराश्य आणि आघाताची लक्षणं साक्ष न दिलेल्यांपेक्षा जास्त होती. सिएरा लिओनमधल्या गावांत झालेल्या सलोख्याच्या कार्यक्रमांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गावात क्षमाभाव वाढला, माणसं एकमेकांत मिसळू लागली, पण व्यक्तींचं मानसिक आरोग्य बिघडलं. समाजाला फायदा होतो आणि त्याची किंमत बोलणारा माणूस मोजतो. स्मरणाचा कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने हे डोळ्यांसमोर ठेवायला हवं, म्हणजे कुणाला केवळ कार्यक्रम रंगावा म्हणून व्यासपीठावर उभं केलं जाणार नाही.

किंमत कमी करता येते, आणि ती कशी हे रवांडातल्या माणसांनीच शिकवलं. उत्तरेकडच्या ब्युम्बा भागात २००५ मध्ये चर्चच्या आधाराने छोट्या गटांचं एक काम सुरू झालं. एकाच टेकडीवर राहणारी दहा-पंधरा माणसं आठवड्यातून एकदा, पंधरा आठवडे भेटतात. विधवा असते, तुरुंगातून सुटून आलेला असतो, त्याची बायकोही असते. पहिल्या भेटींत १९९४ चा विषय कुणी काढायला लावत नाही. आधी सुरक्षितता, मग विश्वास, मग एकमेकांची काळजी, मग आदर, मग पुढच्या जगण्याची दिशा, आणि सर्वांत शेवटी आठवणी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण कार्यक्रम आखताना नेमकं उलट करतो: पहिल्याच मिनिटाला सर्वांत भयंकर गोष्ट पडद्यावर दाखवतो.

मग हे सगळं गाव आणि टेकडीच्या पातळीवर का करायचं? राजधानीत एक भव्य स्मारक आणि वर्षातून एक भाषण का पुरत नाही? किगालीतल्या गिसोझीला असं स्मारक आहे, अडीच लाखांवर माणसं तिथे पुरलेली आहेत, आणि ते असायलाच हवं. पण हत्याकांड राजधानीत ठरलं तरी घडवलं गेलं ते गल्लीबोळांत. रवांडाचं प्रशासन अगदी खालपर्यंत बांधलेलं होतं: प्रांत, त्याखाली कम्यून, त्याखाली सेक्टर, त्याखाली सेल, आणि तळाशी दहा-दहा घरांचा प्रमुख. कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी किती मुलं, सगळं ठाऊक. हीच उतरंड वापरून याद्या फिरल्या, रस्त्यांवर नाके उभे राहिले, ओळखपत्रं तपासली गेली. मारण्याला ‘काम’ म्हणत, आणि श्रमदानाला बोलवावं तसं लोकांना त्या कामाला बोलवत. मारणारा बहुतेक वेळा ओळखीचा होता. म्हणून आठवणही तिथेच काढावी लागते, जिथे नाका होता त्या वळणावर.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट तुम्हाला वर्गात फार उपयोगी पडेल. बुतारे प्रांताचे प्रीफे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखे अधिकारी, जाँ-बाप्तिस्त हब्यारिमाना होते. देशातले ते एकमेव तुत्सी प्रीफे. बाकी देशात कत्तल सुरू असताना त्यांनी आपल्या प्रांतात ती होऊ दिली नाही. शेजारच्या प्रांतांतून लोक जीव वाचवायला तिकडे येत होते. १७ एप्रिलला त्यांना पदावरून काढलं गेलं. १९ तारखेला, हत्याकांड चालवणाऱ्या अंतरिम सरकारच्या राष्ट्राध्यक्षांनी बुतारेत येऊन भाषण केलं, ‘काम’ करायला सांगितलं, आणि तिथेही कत्तल सुरू झाली. हब्यारिमाना नंतर मारले गेले.

दुसरीकडे तबा कम्यूनचे प्रमुख जाँ-पॉल अकायेसू. हे मूळचे शिक्षक. पहिल्या दिवसांत त्यांनीही आपल्या हद्दीत हिंसा रोखायचा प्रयत्न केला होता, हे न्यायालयानेच नोंदवलं आहे. १८ एप्रिलला अंतरिम सरकारने कम्यूनप्रमुखांची बैठक घेतली. तिथून परतल्यावर तोच माणूस बदलला. त्याच्या देखत, त्याच्या कचेरीच्या आवारात, खून आणि बलात्कार झाले. टांझानियातल्या अरुशा इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी त्याला नरसंहाराच्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने नरसंहाराबद्दल दिलेला तो पहिला दोषनिर्णय. बलात्कार हाही नरसंहाराचा भाग असू शकतो हे त्याच निकालाने पहिल्यांदा मान्य केलं, आणि ते शक्य झालं तबाच्या काही बायका अरुशाला जाऊन बोलल्या म्हणून. अशा बोलण्याची किंमत काय असते ते मी वर लिहिलंच आहे. तरीही त्या गेल्या.

अकायेसू यांच्याजवळ १८ एप्रिलपर्यंत निवड करायला जागा होती आणि बैठकीनंतरही होती. गिती नावाच्या कम्यूनमध्ये प्रमुखाने ऐकलं नाही, आणि ते कत्तल न झालेलं कम्यून म्हणून आज ओळखलं जातं. मुलांना हे कळलं की ‘लोक अचानक राक्षस झाले’ हे सोपं स्पष्टीकरण त्यांच्या मनात टिकत नाही.

गावपातळीवरच्या स्मरणाचं अजून एक काम असतं, आणि त्याविषयी फार कमी लिहिलं जातं: देह सापडणं. किगालीजवळ कबुगा नावाची वस्ती आहे. तिथे २०१८ मध्ये घरांखाली, अंगणांखाली सामूहिक खड्डे निघू लागले. चोवीस वर्षं त्यांवर माणसं राहत होती, स्वयंपाक करत होती, मुलं खेळत होती, आणि काही शेजाऱ्यांना ठाऊक होतं. घरं पाडून खोदावं लागलं. मे २०१९ मध्ये किचुकिरोतल्या न्यान्झा इथल्या स्मारकात ८४ हजारांहून अधिक बळींचं दफन झालं. असे अवशेष निघतात तेव्हा वाचलेले नातेवाईक येऊन हाडं धुतात, पुसतात, कफनपेटीत ठेवतात. कपडे वेगळे काढून ओळखीसाठी मांडून ठेवतात. बायका त्या रांगांमधून हळू चालत जातात, वाकतात, एखादा स्वेटर हातात घेऊन आतून शिवण बघतात. आईला आपण घातलेला टाका ओळखू येतो. एवढ्या सगळ्यात कुणा एकीलाच काही सापडतं. बाकीच्या पुढच्या खड्ड्याची वाट बघतात. ‘विसरा आणि पुढे चला’ असं म्हणणाऱ्याने या बाईला काय सांगायचं? तिला पुढे जायचं आहेच. फक्त आपला मुलगा कुठे आहे हे तिला आधी कळायला हवं आहे, आणि ते ठाऊक असलेला माणूस चार घरं सोडून राहतो. दरवर्षीच्या सभेत कधीतरी त्याचं तोंड उघडतं. म्हणून सभा हवी.

आणि ज्यांच्या मागे पाणी द्यायलाही कुणी उरलं नाही त्यांचं काय? आई, बाप, सगळी मुलं, सगळे गेले अशी पंधरा हजारांवर कुटुंबं तिथे मोजली गेली आहेत. हे मोजण्याचं काम तरुणांनी केलं. १९९६ मध्ये बुतारेच्या विद्यापीठात अनाथ झालेल्या विद्यार्थ्यांनी संघटना बांधली आणि आपापसात ‘कुटुंबं’ केली: त्यांच्यातलाच कुणी बाबा, कुणी आई, बाकी भावंडं. परीक्षेचा निकाल कुणाला दाखवायचा, आजारपणात रात्री कोण बसणार, लग्नात वडिलांच्या जागी कोण उभं राहणार, हे सगळं त्या ‘कुटुंबांनी’ निभावलं. पुढे पदवीधर झालेल्यांच्या संघटनेने गावोगावी फिरून संपूर्ण नष्ट झालेल्या घरांची नावं गोळा केली आणि दरवर्षी त्यांच्यासाठी वेगळी रात्र जागवायला सुरुवात केली. सरकारी योजनेतून असं काही उगवत नाही.

आता जे खटकतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे उत्तर अर्धवट राहील. रवांडातल्या स्मरणावर सरकारची घट्ट पकड आहे. काय बोलायचं, कोणत्या शब्दांत बोलायचं, याची चौकट वरून येते, आणि ती ओलांडणाऱ्याला कायद्याचा धाक असतो. नरसंहार थांबवणाऱ्या आरपीएफच्या, म्हणजे मुख्यतः तुत्सी असलेल्या बंडखोर फौजेच्या, सैनिकांनीही त्या काळात आणि नंतर नागरिकांना मारलं. हे मानवी हक्क संघटनांनी आणि संयुक्त राष्ट्रांच्या तपासांनी नोंदवलेलं आहे. त्या मृतांच्या घरच्यांना जाहीरपणे रडता येत नाही. किझितो मिहिगो हा लोकप्रिय गायक स्वतः नरसंहारातून वाचलेला तुत्सी. २०१४ मध्ये त्याने सगळ्याच मृतांविषयी करुणा व्यक्त केली, त्याला अटक झाली, आणि २०२० मध्ये पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. बलात्कारातून जन्मलेली मुलंही फार काळ कुणाच्याच यादीत नव्हती. जन्म १९९४ नंतरचा, म्हणून वाचलेल्यांसाठीच्या मदत निधीत ती बसत नव्हती. आईच्या नजरेत आणि गावाच्या नजरेत त्यांनी काय सोसलं हे मी ऐकलं आहे. तुत्सींचा नरसंहार झाला, तो ठरवून झाला, याबद्दल कसलाही संशय नाही, आणि इतर मृत्यूंचा उल्लेख त्याला झाकण्यासाठी कुणी केला तर तो खोटेपणा आहे. पण दुःखाला परवाना लावला की पुढच्या पिढीत राग साठतो. माझ्या मते रवांडाच्या स्मरणातलं हे सर्वांत मोठं अपूर्ण काम आहे.

“आपल्या मुलांच्या हाती काय लागणार” या तुमच्या शंकेचं उत्तर १९९४ मध्ये कमी आणि त्याआधीच्या साठ वर्षांत जास्त आहे. १९३० च्या दशकात बेल्जियन राज्यकर्त्यांनी प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी की त्वा (तिसरा, अगदी छोटा समाज) ते छापलं. एकच भाषा, एकच धर्म, एकाच टेकडीवर घरं, तरी कागदाने माणसं वेगळी केली. स्वातंत्र्यानंतर ती ओळखपत्रं रद्द झाली नाहीत, फक्त पारडं तुत्सींकडून हुतूंकडे फिरलं. वर्गात शिक्षक “तुत्सी उभे राहा” म्हणत. वाचलेल्यांच्या कितीतरी साक्षींत हा प्रसंग येतो: घरी कुणी सांगितलेलंच नसायचं, मूल चुकीच्या गटाबरोबर उभं राहायचं, आणि वर्ग हसायचा. तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

मग १९९३ च्या जुलैत आरटीएलएम रेडिओ सुरू झाला. त्यावर मस्त गाणी लागत, निवेदक गप्पा मारत, लोकांना आवडे. त्याच गप्पांमध्ये तुत्सींना झुरळं म्हटलं जाई. पुढे माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबर सांगितले जाऊ लागले. २००३ मध्ये अरुशाच्या न्यायाधिकरणाने या रेडिओशी आणि ‘कांगुरा’ या वृत्तपत्राशी संबंधित तिघांना दोषी ठरवलं. मोबाइलवर आलेला विनोद पुढे ढकलताना एखाद्या समाजाला किडा, रोग, घाण म्हटलं आहे का, हे मुलांना ओळखता आलं तरी तुमचा तास सार्थकी लागला.

इशारेही मिळाले होते. बुगेसेरातल्या न्यामाताच्या चर्चच्या आवारात अंतोनिया लोकातेल्ली या इटालियन बाईंची कबर आहे. बुगेसेरात १९९२ मध्येच तुत्सींच्या कत्तली झाल्या. तेव्हा त्यांनी परदेशी रेडिओला फोन करून हे जगाला सांगितलं, आणि त्यांना गोळी घालण्यात आली. दोन वर्षांनी त्याच चर्चमध्ये आसऱ्याला आलेल्या सुमारे दहा हजार माणसांना मारलं गेलं. त्यांचे कपडे स्मारकात बाकांवर ठेवले होते, आणि पत्र्याच्या छपराला पडलेल्या भोकांतून उजेडाचे ठिपके त्यांवर पडलेले दिसत.

कार्यक्रमाबद्दल आता नेमकं सांगते. कवट्यांची आणि प्रेतांची छायाचित्रं दाखवू नका. चौदा वर्षांचं मूल त्यातून फक्त भीती किंवा किळस घेऊन घरी जातं. मुलांचे दोन गट करून हुतू-तुत्सी असं नाटक करवून घेऊ नका. “तू असतास तर काय केलं असतंस” हेही विचारू नका, सगळे शूर उत्तर देतात. त्यापेक्षा फळ्यावर दोन उभे रकाने काढा, एक बुतारे आणि एक तबा, आणि ७ ते २० एप्रिलचे दिवस एकाखाली एक लिहा. कोणत्या दिवशी कुणी काय ठरवलं, कुणाजवळ काय अधिकार होता, हे मुलांकडून भरून घ्या. चाळीस मिनिटं सहज जातात.

त्यानंतर न्यांगेच्या शाळेची हकिगत सांगा. १८ मार्च १९९७ ची रात्र. सशस्त्र हल्लेखोर वर्गात शिरले आणि विद्यार्थ्यांना म्हणाले, हुतू एका बाजूला, तुत्सी एका बाजूला. मुलं जागची हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे, एवढंच म्हणाली. हल्लेखोरांनी गोळ्या झाडल्या, बॉम्ब टाकले, काही मुलं मेली, बरीच जखमी झाली. शाळेत शिकणारी ती मुलं आज त्या देशाच्या अधिकृत वीरांमध्ये गणली जातात.

शेवटची सूचना समुपदेशक म्हणून. तुमच्या वर्गात असं मूल असू शकतं ज्याच्या घरी दंगलीत कुणी गेलं आहे, ज्याचं घर जळलं आहे, किंवा ज्याला आडनावावरून रोज टोमणे ऐकावे लागतात. ते त्या दिवशी वर्गात बोलणार नाही. दोन-तीन दिवसांनी पोट दुखतं म्हणून येईल. कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मुलांना विषय सांगून ठेवा, ज्याला बसायचं नाही त्याला कारण न विचारता बाहेर बसू द्या, आणि मुलं ज्या शिक्षकांशी मोकळेपणाने बोलतात त्यांचे पुढच्या आठवड्यातले एक-दोन तास रिकामे ठेवायला मुख्याध्यापकांना सांगा.